रक्तातला पुरावा

मुंबई सोडून पुण्याकडे किंवा कोकणाकडे निघालेल्या वाहनाला पनवेलची वेस ओलांडल्यावाचून सहसा गत्यंतर नसते, आणि ही स्थिती आजची नव्हे. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि मुंबईचे उतारू होड्या-मचव्यांतून पनवेलच्या बंदरात उतरून घोडागाडीने घाटाची वाट धरू लागले. बंदराचे ते महत्त्व आता रस्त्यांकडे आले आहे. शीव-पनवेल महामार्ग येथे येऊन मिळतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, जुना पुणे रस्ता शहराला लागून जातो, गोव्याचा महामार्ग पळस्पे फाट्यावर त्याच्यापासून वेगळा होतो, आणि न्हावाशेव्याच्या बंदरातील कंटेनर वाहणारे ट्रेलर रात्रंदिवस या सर्वांमधून वाट काढीत असतात. तालुक्याच्या डोंगरपायथ्यांशी शहरी लोकांनी बांधलेली फार्महाऊसे आणि महामार्गांच्या कडेची हॉटेले यांचा विचार केला, म्हणजे मद्य आणि मोटार यांची गाठ पडण्यास लागणारी सर्व सामग्री या एका तालुक्यात कशी एकवटली आहे, हे ध्यानी येते.

गटारी अमावास्या, धुळवड आणि एकतीस डिसेंबरची रात्र या प्रसंगी येथे नाकाबंदी लागते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘इतक्या तळीरामांवर कारवाई’ असा मथळा ठरलेला असतो. त्या मथळ्याने वाचकाची अशी समजूत होते की, हा सगळा प्रकार म्हणजे सणासुदीच्या रात्री पोलिसांनी केलेली वसुली असून, रक्कम भरली म्हणजे मामला मिटला. ही समजूत चुकीची आहे, आणि ती इतकी सर्वत्र पसरलेली आहे की, रस्त्यावर प्रत्यक्ष काय घडते व कायदा त्याला कोणते स्वरूप देतो, हे एकदा सविस्तर पाहणे अगत्याचे वाटते.

अंमलदार गाडी कडेला घ्यावयास लावतो, काच खाली होते, आणि विजेरीच्या उजेडात परवाना पाहता पाहता तो चालकाशी दोन शब्द बोलतो. परीक्षा खरे म्हणजे त्या दोन शब्दांतच सुरू झालेली असते, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला चालकाच्या श्वासाची मागणी करता येते ती त्याने गुन्हा केल्याचा वाजवी संशय आल्यानंतर. आणि तोंडाचा वास, जड पडलेली जीभ किंवा प्रश्नाला उशिरा येणारे उत्तर हीच त्या संशयाची साधने असतात. मग वेष्टनातून नवी कोरी नळी निघते, ती यंत्राला बसवली जाते, आणि यंत्राचा आवाज थांबेपर्यंत चालकाने एकसारखी फुंकर घालावयाची असते. पुष्कळ जण अर्धवट फुंकतात, कोणी गालांतील हवा तेवढी सोडतो, आणि अंमलदार शांतपणे ‘पुन्हा फुंका’ म्हणतो. फुप्फुसाच्या तळाशी असलेली हवाच येथे उपयोगी पडते, कारण तेथे रक्त आणि हवा यांचा निकट संबंध येऊन रक्तातील मद्यार्क ठराविक प्रमाणात श्वासात उतरतो. सुमारे एकवीसशे मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो, तेवढा एक मिलिलिटर रक्तात असतो, हे गृहीत धरून यंत्र हिशेब करते आणि पडद्यावर आकडा दाखविते.

हा आकडा तीसच्या वर गेला की कलम १८५ लागू होते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, ही आपल्या कायद्याने घातलेली मर्यादा होय. इंग्लंडात १९६७ सालापासून हीच मर्यादा ऐंशीची आहे, यावरून आपली मर्यादा किती कडक आहे याचा अंदाज यावा. ‘एक पेग चालतो’ हे वाक्य आपल्याकडे मोठ्या विश्वासाने उच्चारले जाते, म्हणून त्याची शहानिशा करून पाहणे बरे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी मागील शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या सूत्राप्रमाणे, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने आपल्या दुकानांत मिळणाऱ्या व्हिस्कीचा साठ मिलिलिटरचा मोठा पेग रिकाम्या पोटी झटकन घेतला, तर त्याच्या रक्तातील प्रमाण चाळीसच्या पुढे जाऊ शकते, आणि बिअरची एक मोठी बाटली तर त्याहूनही वर नेऊन ठेवते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने त्यांच्या बाबतीत हाच पेला अधिक चढतो. जेवण, वजन आणि प्रकृती यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात, ही गोष्ट खरी. पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे चालकाला स्वतःला कळण्याचा काहीच मार्ग नसतो, ही गोष्ट त्याहून खरी. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. ‘वाहन चालविताना किंवा चालविण्याचा प्रयत्न करताना’ असे या कलमाचे शब्द असल्यामुळे, वाहनतळावर किल्ली फिरवून इंजिन सुरू करणाऱ्यालाही ‘अजून निघालो कुठे होतो’ म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि हे सर्व नियम स्कूटरला तितकेच लागू आहेत जितके चौदा चाकांच्या ट्रेलरला.

मनुष्य प्यालेला आहे हे ठरवावयाचे कसे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. १८९७ साली लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकाने आपली गाडी एका इमारतीवर नेऊन आदळली आणि गुन्हा कबूल केल्यावर त्याला पंचवीस शिलिंग दंड झाला. तेथे कबुलीमुळे प्रश्न सुटला. पण आरोपी नाकबूल झाला तर? झोकांड्या खाणारी चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळणारे बोलणे आणि तोंडाचा दर्प या खुणा साक्षीदार शपथेवर सांगतील, परंतु याच खुणांना आजारपण, धक्का किंवा औषध अशी दुसरीही कारणे असू शकतात. १९७१ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका मोटार अपघाताच्या अपिलात न्यायालयाने नेमके हेच म्हटले की, एवढ्या बाह्य लक्षणांवरून मद्यप्राशन शाबीत झाले असे निःशंकपणे मानता येत नाही, रक्ताची तपासणी व्हावयास हवी होती.

या रक्ततपासणीची शिस्त महाराष्ट्राला दारूबंदीने शिकविली आहे, हा आपल्या राज्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित भाग होय. ज्या मुलखात उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू निघून मुंबईची तहान भागत असे, त्याच मुलखावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला, आणि तो नाव बदलून, परवान्यांच्या सवलतींनी सैल होऊन, आजही अमलात आहे. त्याच्या कलम ६६ मध्ये रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक निघाल्यास, आपण घेतले ते औषध होते असे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकलेला आहे. म्हणजे तीस मिलिग्रॅमचे माप मोटारीच्या कायद्यात येण्याच्या कितीतरी अगोदर मुंबई राज्यात रक्तातील प्रमाणाला पुराव्याचे स्थान मिळाले होते. १९५९ साली केलेल्या वैद्यकीय तपासणीच्या नियमांत तर एका नमुन्याची किती काळजी घ्यावयाची, हे बारकाईने सांगितले आहे. सुई टोचण्यापूर्वी त्वचा एरवी स्पिरिटने पुसतात, पण येथे निर्जंतुक पाण्यानेच पुसावयाची, कारण स्पिरिटचा अंश रक्तात मिसळला तर निरपराध माणूस मद्यपी ठरेल. पिचकारीलाही कोणत्याच टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. निदान पाच घन सेंटिमीटर रक्त शिरेतून घ्यावयाचे, गोठू नये आणि नासू नये म्हणून द्रव्ये घातलेल्या कुपीत ते ओतावयाचे, कुपी जोराने हलवून मिश्रण एकजीव करावयाचे, आणि मोहोरबंद करून रासायनिक विश्लेषकाकडे रवाना करावयाची. आरोपीचा वकील पुढे न्यायालयात याच पायऱ्या एकेक करून मोजतो, आणि एक पायरी चुकली तर खटला डळमळतो. मला हे योग्यच वाटते. ज्या कागदावर माणसाला तुरुंगात घालावयाचे, तो कागद निर्दोष असण्याचा आग्रह धरलाच पाहिजे.

परंतु हा पुरावा इतर मुद्देमालासारखा कपाटात पडून राहत नाही. जप्त केलेला सुरा वर्षाने सुराच राहतो, रक्तातील मद्य मात्र यकृत तासाला दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅम या वेगाने जाळून टाकीत असते, आणि पंचनामा, जबाब, फोनाफोनी यांत चार तास गेले की आरोपीच्या शरीरानेच साठ मिलिग्रॅमचा पुरावा नष्ट केलेला असतो. कायद्याने ही घाई ओळखली आहे. कलम २०२ अन्वये गणवेशातील अधिकाऱ्याला आपल्यासमक्ष हा गुन्हा करणाऱ्यास वॉरंटाशिवाय अटक करता येते, पण अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकाकडून त्याची तपासणी झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडणे भाग आहे. फुंकर घालावयास किंवा रक्त द्यावयास ज्याने वाजवी कारणावाचून नकार दिला, त्याचा तो नकारच कलम २०५ प्रमाणे त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा धरता येतो. दोन तास हे पनवेलच्या नकाशावर मांडून पाहिले, तर त्यांचे महत्त्व कळते. द्रुतगती मार्गावर घाटाच्या बाजूला मध्यरात्री गाडी उलटली, वाहतूक तुंबली, जखमींना आधी हलवावयाचे आहे, आणि त्याच वेळी चालकाला घेऊन रुग्णालय गाठावयाचे आहे, अशा रात्री अंमलदाराच्या हातात घड्याळ हेच मुख्य हत्यार असते.

हा पुरावा किती नाजूक असतो, याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने भरधाव चालविलेल्या पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. बाल न्याय मंडळाने प्रथम दिलेल्या जामिनातील तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सर्वांच्या लक्षात राहिली, परंतु माझ्या मते त्याहून गंभीर आरोप वेगळा होता : मुलाचा रक्ताचा नमुना रुग्णालयातच बदलला गेला, असे पोलिसांचे म्हणणे असून त्यासाठी डॉक्टरांनाही अटक झाली. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ही तरतूद कठोर आहे, आणि पोरांच्या हौसेला किल्ली काढून देणाऱ्या घरांनी ती वाचलेली बरी.

आता शिक्षेकडे वळू. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वी पहिल्या खेपेचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. सिग्नल तोडला किंवा शिरस्त्राण घातले नाही तर नाक्यावर तडजोडशुल्क भरून मोकळे होता येते, परंतु कलम १८५ हे तडजोडीच्या यादीत नाही, त्यामुळे आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातीने उभे राहावे लागते. आरोपी बहुधा गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि सुटल्यासारखा बाहेर पडतो. खरी झळ पुष्कळदा दंडापेक्षा परवान्याची असते. दोषी ठरलेल्याला निदान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० मध्ये न्यायालयालाच सांगितले आहे. ज्याच्या घरी दुसरा कोणी चालक पगारावर आहे, त्याला ही गैरसोय वाटेल. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून घेऊन निघणाऱ्या ट्रकचालकाच्या घरची चूल मात्र त्याच परवान्यावर पेटत असते. म्हणून त्याला बारा-चौदा तास गाडीवर बसवून वर रात्रीची ‘सोय’ करून देणाऱ्या मालकांनी आणि ठेकेदारांनी कलम १८८ वाचावे. या गुन्ह्याला साहाय्य किंवा चिथावणी देणाऱ्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्यात सांगितली आहे. हे कलम आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेले आहे, ते बाहेर काढण्याची वेळ केव्हाच आलेली आहे.

जीवितहानी झाली की प्रकरण मोटारीच्या कायद्यातून फौजदारी संहितेत जाते, आणि तेथे दोन वाटा फुटतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडविला एवढेच ठरले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास होतो. आपल्या कृत्याने माणसे मरण्याचा संभव आहे याची जाणीव चालकाला होती असे ठरले, तर तो कलम १०५ खालील सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. प्यालेल्या माणसाला ‘जाणीव’ होती असे कसे म्हणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर वांद्र्याच्या कार्टर रोडवरील खटल्याने दिले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे अलिस्टर परेरा याची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली, सात जण मेले आणि आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा केली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, मद्यधुंद अवस्थेत वस्तीतून बेफाम गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाणीव होती असेच धरावे लागेल, असा निर्वाळा दिला. शिक्षा अपुरी आहे असेही न्यायालयाला वाटले, परंतु ती वाढवून मागण्यासाठी सरकारने अपीलच केलेले नव्हते. हे वाचताना मन उद्विग्न होते. दिवसभर रस्त्याचे काम करून त्याच रस्त्याच्या कडेला पाठ टेकणाऱ्यांच्या मृत्यूबद्दल सरकारला एक अपील दाखल करण्याची तसदी घ्यावीशी वाटली नाही.

विम्याविषयीही एक भ्रम दूर केला पाहिजे. मद्यप्राशन केलेल्या चालकाच्या स्वतःच्या मोटारीची नुकसानभरपाई विमा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. ज्याला धडक बसली त्या तिऱ्हाइताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो ; तेथे कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश होत आले आहेत. म्हणजे एका रात्रीच्या मौजेपायी घरदार विकण्याची पाळी दिवाणी मार्गानेही येऊ शकते.

महामार्गावरची दारूच हटवावी, हा उपाय न्यायालयाने करून पाहिला. १५ डिसेंबर २०१६ रोजी तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. पुढे लहान गावांसाठी हे अंतर दोनशेवीस मीटरवर आले, आणि २०१७ च्या जुलैत, नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतील परवान्यांना ही मनाई लागू नाही, असा खुलासा झाला. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली होती आणि कळंबोली, कामोठे, खारघर तिच्या हद्दीत आहेत, तेव्हा या खुलाशाचा येथे काय परिणाम झाला असेल हे सांगावयास नको.

म्हणून मी फिरून नाक्यावरच्या त्या नळीपाशी येतो. मनुष्यवधाची कलमे माणसे मेल्यानंतर जागी होतात. कोणी मरण्यापूर्वी हस्तक्षेप करणारे कलम आहे ते १८५, आणि त्याचा सारा भार वेळेवर मिळालेल्या एका फुंकरीवर व एका कुपीवर आहे. दंड दहाचा वीस हजार केल्याने जेवढे साधेल, त्याहून पुष्कळ अधिक ‘आज रात्री आपल्याला निश्चित अडविले जाईल’ या खात्रीने साधेल, असे माझे ठाम मत आहे. आणि रात्रीच्या जोडीला पहाटेचाही विचार झाला पाहिजे. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री ज्याच्या रक्तात दीडशे मिलिग्रॅम मद्यार्क आहे, त्याने तेथेच पेला खाली ठेवला, चांगली झोप काढली, स्नान केले, चहा घेतला, आणि सहा वाजता मुलाबाळांना गाडीत घालून तो कोकणाकडे निघाला, तरी निघताना त्याच्या रक्तात साठ मिलिग्रॅम शिल्लक असतात. मर्यादेवर यावयास त्याला आठ वाजावे लागतील. चहा, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी यकृताचा वेग वाढत नाही. तो स्वतःला शुद्धीवर समजतो, त्याच्या घरच्यांनाही तसेच वाटते, आणि रात्रीची नाकाबंदी तोवर उठलेली असते. नवी मुंबई पोलिसांनी एक जानेवारीला आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत कळंबोली व पळस्पे येथील नाकाबंदी उठवू नये, आणि तेथून दोन तासांच्या आत गाठता येईल असा एक वैद्यकीय अधिकारी, कुप्या आणि मोहोर यांच्यासह, त्या सकाळी केवळ या कामासाठी मोकळा ठेवावा.